डेअरीवाल्याच्या डब्यातलं दही

येरमाळ्याचा डेअरीवाला बोलताना गिऱ्हाइकाकडं बघत नाही. फ्रीजचं दार फडक्यानं पुसत बोलतो. म्हैस विकल्यापासून दूध आणि दही मी त्याच्याकडूनच नेते. माझ्या सासूबाईंना शुगर आहे, हे त्याला माहीत आहे. तरी दर वेळी गोड दह्याची गुलाबी डबीच पुढं करतो. "घ्या वहिनी, ताकदीचं हाय. शुगरला चालतंय." डबीवरचं वाचायला लागले की म्हणतो, "लई बारीक हाय, डोळं दुखतील." मी भिडेनं घेते. सासूबाईंची शुगर वाढली, पायाची जखम चिघळली.

परवा दुपारी दुधाला गेले, तर तो जेवत होता. डब्यात घरी लावलेलं घट्ट दही होतं.

"तुम्ही गुलाबी डबीतलं दही खात न्हाय व्हय?" मी विचारलं.

"मला शुगर हाय ना," तो बोलून गेला आणि त्याचा हात घासावरच थांबला.

किटलीचं झाकण उलटं करून मी त्याच्यापुढं धरलं. "मग ह्यातलंच विरजण द्या."

आमच्याकडं विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. चमचाभर दही घालताना तो फ्रीजकडंच बघत होता. मी मात्र त्याच्याकडं बघत उभी राहिले.