रामसेवकजींनी धुतलेला ग्लास

लखनौला गेलो कबाबांसाठी आणि परत आलो तोंड लपवत. तरी लिहितो, कारण जाणाऱ्यांना उपयोग होईल.

ताई आणि भावोजी तिथे रेल्वेच्या कॉलनीत राहतात, त्यामुळे हॉटेलचा खर्च नव्हता. अमौसीला विमानातून उतरलात की सरळ मेट्रोने आलमबागला या, टॅक्सीच्या नादी लागू नका. दुसऱ्या दिवशी भावोजींबरोबर 'चौक' नावाच्या जुन्या बाजारात गेलो. ई-रिक्षा तोंडाशी सोडते, पुढच्या गल्ल्या पायीच. ताईसाठी चिकनकारीचा कुर्ता घेतला. कबाब खरं तर तिथेच खायचे, पण मला सोबत बिअर हवी होती, म्हणून आम्ही हजरतगंजमधल्या एका बारमध्ये गेलो.

पुण्यात मी बिअरच्या कार्यशाळा घेतो. पहिला तास ग्लास धुण्याचा असतो. बिअरचे ग्लास तेलकट भांड्यांत घालायचे नाहीत, घासणी वेगळी ठेवायची, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही, फडक्याने न पुसता जाळीवर पालथे घालायचे. तुपाचं बोट लागलं तरी फेस बसतो.

गलौटी कबाब आले, बिअर आली. चार घोटांत फेस गायब. दुसरा ग्लास मागवला, तेच. माझ्यातला मास्तर जागा झाला. भावोजी म्हणाले, "अरे यार, जाने दे ना, पिऊन टाक." मी ऐकतोय कसला! मॅनेजरला बोलावून शेजारच्या टेबलांना ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. त्याने ग्लास धुणाऱ्या रामसेवकजींना सगळ्यांसमोर आणलं. साठीचा माणूस, मान खाली घालून उभा. उद्यापासून हे फक्त प्लेटा घासतील, असं मॅनेजरने जाहीर केलं.

हात धुवायला मागे गेलो तर रामसेवकजींची जागा दिसली. ग्लासांचा टब वेगळा, घासणी वेगळी, जाळीवर पालथे ग्लास. अगदी मी शिकवतो तसं. त्यांनी एक ग्लास गार पाण्याने विसळला, काउंटरवरून थोडी बिअर भरून आणली आणि माझ्यापुढे कागदी रुमाल धरला.

"साहब, मूंछ पोंछ लीजिए, कबाब का घी लगा है. अब पीजिए."

मिशी पुसून प्यायलो. फेस शेवटपर्यंत टिकला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी चूक बाहेर कळू नये म्हणून ते अगदी हळू बोलले होते. मी 'सॉरी' पुटपुटलो. बाहेर मॅनेजर उभाच होता, त्याला दोन वाक्यं सांगितली असती तर मिटलं असतं. पण शेजारच्या टेबलांवरचे लोक बघत होते. मी बिल देऊन निघालो.

पुण्याला आल्यावर तीन दिवसांनी त्या बारला फोन लावला आणि मॅनेजरला सगळं कबूल केलं. तो म्हणाला, रामसेवकजी त्या दिवसानंतर कामावर आलेच नाहीत, फोनही उचलत नाहीत. मग त्याने विचारलं, "सर, आप उसी दिन क्यों नहीं बोले?"

"शर्म आ रही थी," मी म्हणालो.

"शर्म तो उनको भी आई होगी, सर."

आता कार्यशाळेत आधी सगळ्यांना तोंड पुसायला लावतो आणि कारणही सांगतो. लोक हसतात. रामसेवकजींना मात्र अजून काही सांगता आलेलं नाही.