थंडोपंतांची डावी बाजू

चाचणी विभागात त्यांना सगळे थंडोपंत म्हणत. खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच सुखी होतं. उणे दोनशे एकोणसत्तर अंशांच्या हेलियमशी पंतांचा रोजचा घरोबा, पण घरी पंखा एकच्या पुढे गेला की यांच्या अंगावर स्वेटर. कोणी हसलं तर म्हणत, "ज्याचं जळतं त्याला कळतं, तसंच ज्याचं गोठतं त्यालाही."

कणांना प्रकाशाच्या जवळपास वेगाने गोल पळवणारी अवाढव्य यंत्रं असतात. त्या कणांना वळणावर आवरायला चुंबक लागतात. साधे नव्हेत, अतिवाहक. म्हणजे इतके थंड केलेले की तारेतून हजारो अँपिअर वीज धावते आणि तार तसूभरही तापत नाही. नव्या घडणीचा चुंबक करायचा तर आधी एकच नमुना करतात, आणि तो नमुना पंतांच्या हॉलमध्ये येतो. तिथे जमिनीत विहिरीएवढा एक थर्मास पुरलेला आहे. त्यात चुंबक उतरवायचा, चार दिवस थंड करायचा आणि मग वीज वाढवत न्यायची, तो हात टेकेपर्यंत. तारेचा एखादा बोटभर तुकडा अचानक तापतो, वीज आपोआप तुटते, हेलियम उकळून पाइपातून भुस्सकन निघतो. याला तिथे 'क्वेंच' म्हणत. चांगला चुंबक त्यातून शिकतो. दर क्वेंचला तार आपल्या जागी जरा घट्ट बसते आणि पुढच्या वेळी तो जास्त वीज सोसतो. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, तसं याला हेलियमात पडावं लागतं, असं पंतांचं म्हणणं.

पंतांची बायको अंगणापलीकडच्या वाइंडिंग विभागात. चुंबकाच्या कॉइल ती गुंडाळायची. पंतांच्या आधी दोन वर्षं ती कामाला लागलेली, त्यामुळे 'अहो'ची भानगड त्यांच्यात कधी झालीच नाही. ती बांधायची, हे मोडायला बघायचे, आणि संध्याकाळी दोघं एका ताटलीतली बिस्किटं खायचे. हे निभावलं ते एका नियमामुळे: घरी चुंबकाचं नाव काढायचं नाही. आपली कॉइल चाचणीला गेली की ती हॉलकडे फिरकतही नसे. लेकरू परीक्षेला बसलं की आईने दाराशी उभं राहू नये, म्हणायची.

तिची तक्रार एकच होती. पंतांच्या नोंदवहीची. बावीस वर्षांत पंतांनी कुठल्याही कॉइलपुढे 'ठीक' याच्यावर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. कौतुक करायला यांच्या जिवावर येई, असं नव्हे. वहीत कौतुक लिहिणं त्यांना नियमबाह्य वाटे.

या खेपेचा नमुना मात्र हात टेकून बसला. बारा हजार अँपिअर गाठायचे होते, आणि गडी दहा हजार तीनशेला कोसळला. ठीक आहे, पहिलीच वेळ. दुसऱ्यांदा, पुन्हा दहा हजार तीनशे. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. शिकायचं नावच नाही. याचा अर्थ उघड होता: कुठेतरी खोट आहे.

खोट कुठे, ते सांगायला चुंबकाच्या दहा ठिकाणांहून केसासारख्या बारीक तारा काढून एका प्लगला जोडलेल्या असतात. ज्या तारेवर धक्का आधी दिसेल, दुखणं तिथलं. चारही वेळा धक्का दिसला तीन नंबरवर. तीन नंबर म्हणजे आतल्या थराचं वळण, आणि ते वळण बायकोने यंत्र बाजूला सारून हाताने बसवलेलं होतं. यंत्राचा ताण तिथे जास्त पडतो, असं तिचं म्हणणं. वरिष्ठांशी वाद घालून तिने ते करून घेतलं होतं.

मुख्य इंजिनिअरबाई सोमवारी म्हणाल्या, "पंत, वाईट वाटतं, पण इलाज नाही. चुंबक गरम करून बाहेर काढा. शुक्रवारी कॉइल कापून बघू. आणि यापुढे वळणं यंत्रानेच."

अकरा आठवड्यांची कॉइल. पंत "बरं" म्हणाले आणि उगाच एक व्हॉल्व्ह पुन्हा तपासून आले.

बायकोला तिच्या विभागात कळलंच होतं. घरी नियम पाळला गेला, पण तो नियम पाळणं त्या दिवशी पंतांना फार जड गेलं. ती बिस्किट चहात बुडवून तशीच बसली आणि अर्धं बिस्किट तळाला गेलं. नंतर एकच वाक्य बोलली, "हात चुकू शकतो. माझाही."

मंगळवारी संध्याकाळी दोघं गच्चीवर वाळलेली चादर घडी करत होते. ती एका टोकाला, हे दुसऱ्या.

"डावं टोक वर घे," ती म्हणाली.

पंतांनी घेतलं. चादरीला पीळ पडला.

"अरे, डावं!"

"हे डावंच आहे."

"तुझं डावं. माझ्या समोर उभा आहेस ना तू? माझं डावं म्हणजे तुझं उजवं. इतक्या वर्षांत एक चादर धड—"

पंतांच्या हातून चादर सुटली. ते तसेच उभे राहिले, दोन्ही हात पुढे धरून, जणू अजून काहीतरी धरलंय.

"काय झालं?"

"काही नाही," पंत म्हणाले. नियम म्हणजे नियम.

बुधवारी सकाळी साफसफाईवाल्यांच्याही आधी ते हॉलमध्ये होते. प्लगच्या जोडणीचा नकाशा उघडला, भिंग लावलं. प्लगच्या छिद्रांना नंबर असतात, पण ते प्लग समोरून बघता की मागून, यावर डावं-उजवं ठरतं. इतकी वर्षं सगळे नकाशे मागून काढलेले, कारण तारा मागून सोल्डर करायच्या. या नमुन्याचा नकाशा नव्या माणसाने काढलेला होता आणि त्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: समोरून. तारा सोल्डर करताना पंतांनी सवयीने मागून मोजलं होतं. तार जोडलेली आहे की नाही हे तपासणीत कळतं, कोणती कुठे ते नाही. म्हणजे सगळी ओळ उलटी. तीन म्हणजे आठ.

आणि आठ नंबरवर काय होतं? चुंबकाच्या बाहेर, वरच्या बाजूला, वीज आत आणणाऱ्या तारेचा सांधा. तो कोणी केला होता? पंतांनी.

ते स्टुलावर बसले. एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही पक्षी आपणच. क्षणभर मनात आलं, सांधा गुपचूप नवा करावा, 'जरा सैल वाटला' म्हणावं, लाज वाचेल. पण मग कागदावर तीन नंबरच राहील, आणि ते वळण कायमचं बदनाम. त्यांना स्वतःचाच राग आला. उठून ते सरळ इंजिनिअरबाईंच्या खोलीत गेले.

"बाई, प्लग मी उलटा जोडलाय. खोट आठला आहे. माझ्या सांध्यात. कॉइल कापू नका."

बाईंनी नकाशा पाहिला, प्लग पाहिला, मग पंतांकडे पाहिलं. "बावीस वर्षांत पहिली चूक, पंत?"

"सापडलेली पहिली," पंत म्हणाले.

बाई हसल्या, तेव्हा कुठे पंतांचा जीव भांड्यात पडला.

चुंबक वर काढून सांधा उघडला तर आत सोल्डर अर्ध्यातच थांबलेलं. नवा केला, प्लग सुलटा जोडला आणि पुन्हा चार दिवस थंड करायला ठेवला. हॉलमध्ये क्रेनवाल्याने पंतांना प्लगच्या दोन्ही बाजूंना लावायला चिठ्ठ्या दिल्या: 'तोंड' आणि 'पाठ'. पंतांनी त्या मुकाट्याने लावल्या.

चाचणीच्या दिवशी दुपारी दार ढकलून बायको आत आली. कपाळावर चष्मा, बोटांना टेपचा डिंक. पंतांनी दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

काटा दहा हजार तीनशेवर आला तेव्हा तिने पंतांच्या स्वेटरची बाही धरली. काटा पुढे गेला. अकरा हजार चारशेला पहिला क्वेंच झाला, पाइपातून भुस्स झालं आणि ती दचकली. इतक्या वर्षांत हा आवाज तिने जवळून ऐकलाच नव्हता. "लागलं नाही ना त्याला?" तिने विचारलं. पुढचा अकरा हजार आठशेला. तिसऱ्या वेळी चुंबक बारा हजारांवर जाऊन स्वस्थ बसला, आणि तासभर बसून राहिला.

पंतांनी नोंदवही ओढली. 'आधीचे चार क्वेंच सांध्यामुळे. प्लगची जोडणी उलटी होती. दोन्ही चुका माझ्या.' खाली सही केली. मग कॉइलच्या रकान्यात सवयीने 'ठी' लिहिलं.

बायको खांद्यावरून वाचत होती. बाही तिने अजून सोडली नव्हती.

पंतांनी ते अक्षर खोडलं. वहीत खाडाखोड करायची नाही, हा नियम त्यांनीच केलेला. त्याच्यापुढे त्यांनी सावकाश, एकेक अक्षर वळवून लिहिलं: उत्तम.