बाळाची उजवी बाही

भाचीच्या बाळाचं बारसं होतं. दाराला झेंडूचं लांबलचक तोरण हवं होतं. कमलमावशी म्हणाली, “दोरा निम्मा करा, निम्मा शेजारी बसलेलीला द्या. तिनंही तसंच करायचं. ओवून झालं की गाठी मारत या.” आठ जणी बसल्या आणि चहा उकळेपर्यंत तोरण तयार!

मी कॉलेजात संगणकशास्त्र शिकवतो. आमच्या विषयातली मला सगळ्यात आवडणारी गंमत हीच. यंत्र बघावंच लागत नाही. कृती कशी सांगितली आहे एवढं ऐकलं, की पुष्कळ हात लागले तर काम किती लवकर उरकेल ते कळतं. ‘निम्मं करा’ म्हटलं की सगळे हात कामाला लागतात. ‘आधीचं झालं की पुढचं’ म्हटलं की रांग लागते.

मावशीनं विणायला घेतलेला बाळाचा स्वेटर मात्र अर्धाच झाला होता. मी ऐटीत म्हणालो, “इथे कुणाची मदत चालायची नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीवर उभी!”

मावशीनं चष्म्यावरून पाहिलं. “बाह्या वेगळ्या विणतात रे,” म्हणाली आणि सुया, लोकर माझ्या मांडीवर ठेवली.

काही कामं वाटताच येत नाहीत, असं आम्हा संगणकवाल्या मंडळींना नुसतं वाटतं. सिद्ध अजून कुणी केलेलं नाही.

बाळाची उजवी बाही जरा लांब झाली आहे.