अंगठ्याखालचं बटण

देवाची मर्जी. हे शब्द कुणी उच्चारले की माझं डोकं आजही सणकतं. अप्पा गेले त्या दिवशी चाकूरच्या आमच्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाने ते म्हणून घेतले. मामा म्हणाले, मावशी म्हणाली, ज्यांनी दवाखान्यात एकदा पाऊल ठेवलं नव्हतं तेसुद्धा म्हणाले. एक काकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "देवाला चांगली माणसं आवडतात गं." मग वाईट माणसं आवडायला त्याला काय धाड भरली होती? हे मी त्यांच्या तोंडावर बोलले. आईने माझा दंड दाबला. ती स्वतः एक शब्द बोलत नव्हती, रडतही नव्हती, येणाऱ्याला नुसती पाणी देत होती. मला तिचाही राग आला.

अप्पांचं किराणा दुकान होतं. आम्ही लिंगायत. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं, आणि रोज अंघोळीनंतर ते डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची असते. अप्पा पूजेला बसले की दुकानापुढे गिऱ्हाईक ताटकळो नाहीतर बोंबलो, उठायचे नाहीत. मी वैमानिक व्हायचं ठरवलं तेव्हा सगळी भावकी हसली. "पोरगी इमान चालवणार म्हणं!" अप्पा म्हणाले, "चालवू द्या की. तुमच्या डोक्यावर न्हाई उतरवणार." त्यांची एकच हौस होती. मी एकटी विमान घेऊन चाकूरवरून जाईन तेव्हा त्यांना गच्चीवर उभं राहून उपरणं हलवायचं होतं. ते आजारी पडले, लातूरच्या दवाखान्यात दिवसेंदिवस सुकत गेले, तेव्हा मी महादेवाकडे एवढंच मागितलं. बरं कर म्हटलं नाही, फक्त तेवढा दिवस दाखव म्हटलं. त्याने तोही दाखवला नाही. तेव्हापासून मी ती डबी उघडली नव्हती. गळ्यातून काढली नाही, ती केवळ आईचं तोंड बघून.

माझं एकटीचं पहिलं लांबचं उड्डाण ठरलं ते भाद्रपदातल्या एका सकाळी. लातूरहून निघायचं, नांदेडला उतरायचं, परत यायचं. आकाशात आमचं सगळं बोलण्यावर चालतं. विमानतळाच्या टॉवरवरचा माणूस रेडिओवरून सांगतो, आपण तेच शब्द त्याला परत म्हणून दाखवायचे, बरोबर असतील तर तो पुढचं सांगतो. बोलण्यासाठी सुकाणूवर डाव्या अंगठ्याखाली एक बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एका वेळी होत नाही. एकाने बटण दाबून धरलं, तर त्याला कुणाचंच ऐकू येत नाही आणि त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी कुणालाही बोलता येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत उत्तम गुण होते.

चाकूर आलं. वरून आमचं घर ओळखायला वेळ लागला नाही. गच्चीवर कुणी नव्हतं. असणार कोण? आईला मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पण ती रिकामी गच्ची बघून मी अशी काही भडकले की अहमदपूर कधी मागे पडलं ते कळलंच नाही. समोर बघते तर ढग. पांढरे, खाली उतरलेले, सगळा रस्ता झाकून टाकणारे. माझ्यासारख्या शिकाऊ माणसाने ढगात शिरायचं नसतं. मी उजवीकडून वळसा घातला, मग आणखी थोडा घातला, आणि लातूर-नांदेड रस्ता, ज्याच्या आधाराने मी चालले होते, तो हरवला. विमान जुनं होतं. त्यात नकाशा, होकायंत्र आणि मी, एवढंच.

मी बटण दाबून नांदेडला हाक मारली. विमानाचा नंबर सांगितला, वाट चुकले म्हणून सांगितलं. उत्तर नाही. पुन्हा जोरात दाबलं. उत्तर नाही. आवाज वाढवला, हेडफोनची पिन काढून घातली, शिकवलेलं सगळं केलं. कानात नुसती शांतता होती. रेडिओ मेला, असं मी धरून चालले. खरं तर बटण आत रुतून बसलं होतं. रेडिओच्या पट्टीवर ते दाखवणारं एक बारीक अक्षर पेटलेलं होतं. पण रागात माणसाला मोठं दिसत नाही, तर बारीक काय दिसणार!

आता आपलं ऐकायला कुणी नाही म्हटल्यावर माझं तोंड सुटलं. घरी जी बोली बोलते तीच आली.

"महादेवा, कान हायत का न्हाईत तुला? का कापूस घालून बसलास? माझ्या बापानं जल्मभर तुला हातावर घेतलं, तू त्याला एक दिवस दिला न्हाईस! एक! आता मला बी घेऊन जायचं हाय का? घे की मग! खाली हे एवढं थोरलं पाणी, त्याला लांबच्या लांब भिंत, पलीकडं बोडक्या टेकड्या, रस्त्याचा पत्ता न्हाई. ढग डोक्यावर येऊन बसलेत, पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली गेला. बघ! मजा बघत बस वरून!"

अशी किती वेळ बोलत होते कोण जाणे. अप्पांच्या नाकातली नळी, सुजलेले पाय, शेवटी शेवटी त्यांनी माझं नाव विसरणं, सगळं काढलं. ज्या शिव्या मी आयुष्यात कधी दिल्या नव्हत्या त्या त्याला दिल्या. भीती वाटत होती का? लई वाटत होती. शेत दिसेल तिथे उतरायचं म्हटलं तर खाली सगळी दगडाळ माळरानं. आज इथे मरायचं, एवढं स्वच्छ कळत होतं, आणि तरीही भीतीपेक्षा राग मोठा होता. मला वाटलं, याला असं हवेत बोलून उपयोग नाही, याच्या तोंडावरच बोललं पाहिजे. मी उजव्या हाताने सुकाणू धरलं, डावा हात काढून डबी उघडली, आणि अप्पा घ्यायचे तसं लिंग डाव्या तळहातावर घेतलं. भांडायलाच घेतलं होतं, पूजेला नाही. पण घेतलं आणि शब्दच संपले. एवढंसं, काळं, गुळगुळीत. त्याच्याकडे बघत मी नुसती रडले.

तेव्हा सुकाणूवर, बटणापाशी, टक् असा आवाज झाला आणि माझ्या कानात माणसं आली.

एक प्रवासी विमान काहीतरी म्हणत होतं, आणि त्याच्यावरून एक जाडसर, दमलेला आवाज माझ्या विमानाचा नंबर घेत होता. आधी नियमाप्रमाणे इंग्रजीत. मग तो नियम सोडून बोलला.

"पोरी, तुझं बटण अडकलं होतं. आता सुटलंय. त्याला परत हात लावू नको, अडकलं तर मला बोलता यायचं न्हाई. उत्तर देऊ नको. नुसतं ऐक. तू म्हणलीस ते पाणी म्हंजी लिंबोटीचं धरण. मी जवळच्या लोहा गावचाच हाय, तिथली भिंत मला ठाऊक हाय. नाक डावीकडं घे. हेडिंग शून्य दोन शून्य, म्हंजी होकायंत्रावर उत्तरेच्या जरा उजवीकडं. तुला ऐकू येऊन राहिलं का न्हाई मला कळणार न्हाई, पण मी बोलत राहतो."

माझा अंगठा सवयीने बटणाकडे गेला. त्याचे शब्द परत म्हणून दाखवायचे, हे अंगात भिनलेलं. मी हात ओढून घेतला. खरं सांगते, त्याचाही राग आला. ऐकू येतंय हे तुला सांगू कसं, बाबा? तू मला दुसरीच कुणी समजून दुसरीच वाट सांगत असलास तर? पण सांगायची सोय नव्हती. विचारायची नव्हती. जे कानावर येईल ते करायचं, एवढंच हातात उरलं होतं. आणि तो बोलत राहिला. समोरून उत्तर नाही, विमान दिसत नाही, मी जिवंत आहे की नाही माहीत नाही, तरी बोलत राहिला. "आता डाव्या हाताला ढगाला भोक पडलेलं असंल, त्यातून रस्ता दिसंल." दिसला. "रस्ता सोडू नको, गोदावरी येईल." आली. भाद्रपदातली, गढूळ, रुंद. तिच्या पलीकडे नांदेड, आणि शहराच्या उत्तरेला धावपट्टी. टॉवरच्या काचेतून हिरव्या दिव्याचा झोत माझ्या अंगावर आला. उतरायची परवानगी. मी उतरले.

मला टॉवरखालच्या खोलीत बसवलं होतं तेव्हा तो माणूस ड्युटी बदलून खाली आला. पन्नाशीचा, कपाळावर चष्मा सारलेला, हातात चहाचे दोन कप. माझी मान वर होईना.

"तुम्ही सगळं ऐकलं?" मी विचारलं.

"मी एकट्यानं न्हाई. वर प्रवासी इमान होतं, त्यातल्या पायलटनं बी ऐकलं. तुझं बटण सुटल्यावर मी त्याला दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर घेतलं. त्यो म्हणला, आधी तिला उतरवा, आम्ही घिरट्या घालतो."

शरमेवर माझा जुना राग चढला. "मग मध्येच बोलला का नाहीत? मी मरत होते तिकडे!"

"बोलत न्हवतो व्हय? पहिल्यापासून हाका मारून राहिलो. पर तू बटण दाबून बसलेली. सोडल्याबिगर माझा आवाज तुझ्याकडं येणार कुठून?" त्याने कप माझ्यापुढे सरकवला. "हे बघ, आम्ही बौद्ध माणसं. तुझ्या महादेवाच्या वतीनं मी काय सांगणार? पर शिव्या देता देता खाली काय दिसतंय ते बी सांगत गेलीस, म्हणून सापडलीस. अन् तुझ्या वडलांचं बी ऐकलं मी." देवाची मर्जी म्हणाला नाही. चहा संपेपर्यंत माझ्यापाशी नुसता बसून राहिला.

मेकॅनिकने नंतर सांगितलं, बटणाची स्प्रिंग झिजली होती, वाकडं दाबलं की अडकायची, भार निघाला की सुटायची. बरोबर असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही आणि इथेही घालत नाही. लिंग हातावर घ्यायला हात काढला म्हणून मी वाचले, की नुसता हात काढला म्हणून वाचले, हे ज्याचं त्याने ठरवावं. मला एवढंच कळलं की ज्याला मी बहिरा म्हणत होते त्याच्या दारात माझा एकही शब्द वाया गेला नव्हता. अप्पा गेले याचा राग माझ्या मनात अजून आहे. तो जावा असं मी कधी मागितलंही नाही. पण बोलून झालं की हात सैल सोडावा, समोरच्यालाही काही म्हणायचं असेल, एवढी अक्कल त्या दिवशी आली. ती ज्याने दिली त्याला, आणि ज्याच्या तोंडून दिली त्यालाही, माझा शरणार्थ, आम्हा लिंगायतांचा नमस्कार.

दोन दिवसांची सुट्टी घेऊन मी चाकूरला गेले. दिवेलागणीला आई जोंधळे निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. ऐकताना तिचे हात थांबले.

"काय काय बोललीस त्याला?"

"सगळं. काही ठेवलं न्हाई."

मला वाटलं आता चिडणार. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "बरं केलंस बाई. मी तर अजून एक शब्द बोलले न्हाई त्याला. येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देण्यातच राहिलं."

"मग बोल की," मी म्हटलं.

तिने पदर नीट केला, देवघराकडे तोंड केलं, आणि आई बोलायला लागली. आधी हळू, मग शेजारी ऐकू जाईल असं. काय बोलली ते मी लिहिणार नाही, ते तिचं आणि त्याचं आहे. बाहेर अंधार झाला, दिवा लावायचा राहिला, दारात आलेली शेजारीण तशीच परत गेली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही.