पाच घरांचा पिराजी

मंदे, जवळ सरक जरा. तू तिकडं संभाजीनगरला आणि मी इकडं गावात, तरी सरक. कान धरायचा आहे तुझा. काल फोनवर काय म्हणालीस? "आत्या, पप्पांच्या जाकिटाच्या खिशात रुमालात बांधलेली मूठभर ज्वारी निघाली. किडे झालेत. टाकून देऊ का?" अगं, विचारलंस म्हणून वाचलीस. शेंद्र्याच्या कंपनीत एवढाल्या मशिनी चालवतेस आणि बापाच्या खिशातली ज्वारी तुला कळत नाही? पण तुझा तरी काय दोष. तुला ठाऊक आहे तो बॅनरवरचा प्रतापराव. माझ्याकडं आहे तो पिराजी. तो सांगते, ऐक.

मागावं तर पिराजीनं. भिकाऱ्यासारखं नाही आणि वसुलीला आल्यासारखंही नाही. दाराशी उभा राहायचा, मान वर, डोळे सरळ आपल्या डोळ्यांत, आणि म्हणायचा, "आलो गं, आक्का." एवढंच. आपण हातातलं काम टाकून पसा भरून धान्य आणायचं. त्याच्या झोळीत घालताना आपलंच काहीतरी भरून यायचं. का ते मला आजही सांगता येत नाही.

तुझ्या आजीची, जनाबाईची, आधीची लेकरं जगली नाहीत. तेव्हा घरात मेंढरं होती, पावसाळा सोडला तर सगळा मुक्काम रानात. कुणी सांगितलं म्हणून ती पिराच्या दर्ग्याला गेली आणि तिथं लेकरू मागितलं. ते जगलं, म्हणून पिराजी. आपल्याकडं अशी नावं घरोघरी; कुणी फकिरा, कुणी दर्गाजी. नावावरून धर्म विचारायची रीत नव्हती. नवस असा होता, की दरसाल मोहरमात पोरानं फकीर व्हायचं. गळ्यात हिरवा दोरा, खांद्याला झोळी, आणि पाच घरी धान्य मागायचं. त्याचं पीठ करून गुळाचे चोंगे, म्हणजे गोड रोट, भाजायचे आणि मोहरमात बसते त्या सवारीपुढं, पंजापुढं ठेवायचे. जनाबाई म्हणायची, "मागून आणल्यालं लेकरू हाय. त्यानं मागायचं सोडलं की ज्याचं त्यो घिऊन जाईल." पहिलं घर माझं ठरलं. का, तर मी शेजारीण, आणि जात वेगळी. पाचही घरं वेगवेगळ्या जातीची हवीत, हा जनाबाईचा हट्ट. "एकाच जातीच्या दाण्याचं चोंगं गोड लागत नाय," असं म्हणायची.

मिसरूड फुटल्यावर दुसरी पोरं लाजली असती. एकदा मीच चेष्टा केली, "पिरू, आता लग्नाचा झालास, झोळी घेऊन हिंडतोस, पोरगी कोण देईल?" तर म्हणतो कसा, "आक्का, झोळी बघून जी देईल तीच खरी. बाकीच्या शेत बघून देत्यात, अन् शेत तर आपल्याकडं नाय!" तुझ्या आईनं झोळी बघूनच घातली हो माळ, हेही ध्यानात ठेव.

त्याचं राजकारणही या मागण्यातूनच निघालं. आपल्या गल्लीला टँकर येत नव्हता. पिराजी तहसीलच्या ओसरीत जाऊन बसला. भांडला नाही, घोषणा नाहीत. साहेब आले की उभा राहायचा, गेले की बसायचा. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाले, "अरे बाबा, तुला पाहिजे तरी काय?" टँकर आला. मग कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या पोरीचा दाखला अडला, की लोक म्हणायचे पिराजीला न्या. "सोतासाठी मागायला जड जातं आक्का, दुसऱ्यासाठी तोंड आपोआप उघडतं," असं सांगायचा. असा मागता मागता नगरसेवक झाला. आणि नगराध्यक्षाला उभा राहिला, तिथं सगळं फिरलं.

शहरातून एक चष्मेवाला आला, प्रचाराचं बघणारा. त्यानं पिराजीला घोंगडी पांघरली, उसनं आणलेलं कोकरू खांद्यावर दिलं आणि फोटो काढला. मेंढरं तर पिराजी शाळेत होता तेव्हाच विकली होती. कोकरानं त्याच्या पाठीवर धार सोडली, सगळी गल्ली हसली, पिराजी सगळ्यांत जास्त हसला. बॅनर लागला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. जनाबाई खाली उभी राहून बघतच राहिली. "ह्यो गोरा पाव्हणा कोन? माझं पिऱ्या तर तव्यावानी हाय." खाली नाव होतं प्रतापराव.

रंग बदलला, नाव बदललं, तरी भागलं नाही. कुणीतरी त्याचा मोहरमातला फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर धाडला, हिरव्या दोऱ्याचा, झोळीचा. खाली लिहिलं होतं, ‘हा नक्की कोण आहे?’ इकडचे म्हणायला लागले हा आपला नव्हेच. तिकडचे म्हणायला लागले आपला असून लाजतोय. ज्याला साऱ्या गावानं वाढवलं, त्याला एका रात्रीत कुणीच आपला म्हणेना.

नेमका मोहरम प्रचारातच आला. मी सुपात ज्वारी पाखडून बसलेली. गल्लीत ताशा वाजला, पिराजी दाराशी आला, मागं पन्नास माणसं, पुढं कॅमेरा. हात जोडून म्हणाला, "ताई, आशीर्वाद असू द्या." आयुष्यात पहिल्यांदा मला ताई म्हणाला, मंदे! मी पसा भरून उठले. "पिरू, झोळी कुठाय?" चष्मेवाला मध्येच, "आजी, औक्षणाचं ताट आणा ना, फोटो छान येईल." पिराजीनं माझ्या हातातल्या दाण्यांकडं बघितलं, कॅमेऱ्याकडं बघितलं. हळूच म्हणाला, "नंतर येतो, आक्का." आणि पुढच्या दाराला गेला. मी दाणे परत सुपात टाकले.

शेवटच्या सभेत माईकवर बोलला, "तो फोटो खोटा आहे." दर्ग्याचे मुजावर चाचा तिथंच चहाच्या टपरीवर होते. लहानपणापासून दोरा बांधला तो त्यांनीच. मला बघून म्हणाले, "बोलने दो बाई, इलेक्शन है." पण कपातला चहा तसाच ठेवून उठले.

निवडून आला. गुलालात सगळी माणसं एका रंगाची दिसतात. मी त्याला त्यात शोधत राहिले. पुढं लाल दिव्याची असावी तशी मोठी गाडी, माणसं त्याच्याकडं मागायला यायची, तो द्यायचाही. मागायचं मात्र थांबलं. पुढच्या मोहरमात आला नाही. जनाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि रस्त्याकडं बघायची.

आणि यंदा आला. भर दुपारी, पायी, एकटा. वाळला होता. दाराशी उभा राहिला, पण मान वर नव्हती. "आलो गं, आक्का." झोळी नव्हती, म्हणून त्यानं खिशातला रुमाल पसरला. मी ज्वारी घातली, त्यानं गाठ मारली. "हे एक घर झालं. चार ऱ्हायली. चाचांच्या पाया बी पडायचंय." तेवढ्यात फोन वाजला, कुठल्याशा उद्घाटनाचा. "उद्या येतो. उरलेली घरं उद्या." रुमाल जाकिटात घातला आणि गेला. त्या उद्घाटनाच्या मांडवातच छातीत कळ आली, हे तर तू जाणतेस.

डॉक्टर म्हणाले हृदय. मीही तेच म्हणते. पण जनाबाई मातीच्या वेळी एवढंच बोलली, "ज्याचा व्हता त्यानं नेला." रडली नाही. अजूनही रडलेली नाही, तेच मला बघवत नाही. तिला वाटतं पोरगं विसरून गेलं. रुमालाचं तिला ठाऊक नाही. मलाही काल तुझ्या फोनपर्यंत वाटत होतं, की ते दाणे कुठं सांडले असतील.

तेव्हा किडे लागू देत, ती ज्वारी तशीच घेऊन ये. आजीच्या हातात तू दे, मी देऊन उपयोग नाही. मग आपण दोघी उरलेल्या चार घरी जाऊ. झोळी नको, तुझी ओढणी चालेल. दाराशी काय म्हणायचं ते ठाऊक आहे ना आता? चाचांची नजर गेली आहे, आजीचं वय झालं आहे, आणि माझे गुडघे काही फार दिवस ऐकायचे नाहीत. सुट्टीची वाट बघू नकोस, बाई. लवकर ये.