वकिलातीची गाडी

गाडी दारात आली त्या दिवशी वसमतच्या मोंढ्यातली अर्धी माणसं माझ्या दुकानापुढे जमली. पांढरी, लांबलचक, परदेशी गाडी, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला. ज्या मोंढ्यात मी हळदीची पोती पाठीवर वाहिली तिथूनच ती चालवत न्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं. दोन हंगामांची कमाई तिच्यात घातली होती.

विकणारा हैदराबादचा दलाल होता. मी नेहमीसारखी खोट काढली.

"स्टिअरिंग उलटं हाय. उसाची बैलगाडी ओलांडताना समोरचं दिसायचं न्हाई. कोण घेणार हे?"

"सेठ, एंबसी की गाडी है. ऐसीच आती है."

"मग तर अजून कमी कर. वकिलातीच्या साहेबाला काय कमी हाय?"

त्याला निम्म्याच्याही खाली आणूनच मी उठलो. घरी बायकोनं मात्र गाडीला हात लावला नाही.

"एवढी सस्त्यात काहून दिली त्यानं?"

"मी मागितली म्हणून."

"अवो, तुमी मागितलं म्हणून आजवर कोणी काय दिलं का?"

मी चिडून बाहेर पडलो.

थोड्याच दिवसांत समोरच्या टपरीवर एक अनोळखी माणूस बसायला लागला. चहा थंड व्हायचा, तरी त्याची नजर गाडीवरून हलायची नाही. टपरीवाला म्हणाला, "शेठ, तो तुमच्या गाडीचं विचारून राहिला. कितीला घेतली म्हणून."

"मग सांग की! भाव कसा करतात ते कळू दे त्याला."

दलालाला फोन केला, तर तो नंबरच बंद. दुसऱ्या आठवड्यात तो माणूस टपरीवरून नाहीसा झाला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. रोज गाडीत बसायला धडपडणारे शेजारी दुकानदार आता म्हणायचे, "आज न्हाई, शेठ. चालत जातो." त्यांना काय कळलं होतं, ते मला कोणी सांगेना.

मग एका सकाळी सरकारी जीप आली. उतरलेले कस्टमचे साहेब अगदी हळू आवाजात बोलत. परदेशी वकिलातीच्या अधिकाऱ्याला स्वतःच्या वापरासाठी गाडी आणताना कर माफ असतो, ते म्हणाले. तीच गाडी इथल्या माणसाला विकायची तर आधी परवानगी लागते आणि माफ झालेला कर भरावा लागतो. या गाडीच्या बाबतीत यातलं एकही झालेलं नव्हतं.

"मला काय माहीत?" मी म्हणालो.

"स्टिअरिंग डावीकडे का, हे विचारलं नाही?"

"विचारलं की! त्याचे तर पैसे कमी करून घेतले."

साहेबांनी सोबतच्या माणसाकडे पाहिलं. टपरीवर बसायचा तोच हा.

गाडी जप्त झाली, पण त्यांच्या ड्रायव्हरला डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवता येईना. माझी गाडी मीच चालवत औरंगाबादला कस्टमच्या कचेरीत नेली, जीप मागे. ज्या परदेशी साहेबाला करमाफी मिळाली, तो कधीच मायदेशी गेला होता. त्याला विचारायला कोणी जाणार नव्हतं. दलालाचा पत्ता नव्हता. हाताशी सापडलेला मी एकटा. ही जळजळ आजही तशीच आहे.

कचेरीच्या मागच्या आवारात अशाच गाड्यांची रांग उभी होती. त्यांच्या चाकांतून गवत वर आलं होतं. त्या रांगेच्या टोकाला माझी गाडी लावायला सांगितली आणि चावी घेतली.

आत साहेबांनी आकडा सांगितला. कर, आणि वर दंड. भरला तर गाडी सुटेल, नाहीतर सरकारजमा. शेजारी एकजण माझा जबाब टाइप करत होता. मी सवयीनं खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, निम्म्यावर मिटवून टाकू. आत्ताच देतो, रोख."

टाइपरायटर थांबला. साहेबांनी चष्मा काढला.

"हेही घ्या लिहून. लाच देऊ केली," ते टाइप करणाऱ्याला म्हणाले.

"लाच कशाची? भाव करून राहिलो मी, साहेब!" मी टेबलावर हात आपटला. "मोंढ्यात कोणालाबी विचारा!"

"तेसुद्धा लिहा," ते तितक्याच हळू म्हणाले, आणि उठून त्यांनी दार लावून घेतलं.