शनिवारचे दहा शब्द

२३ जानेवारी २०००, रविवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. त्या क्षणी वसईतल्या एका घराच्या ओटीवर उभी राहून मी एक वाक्य बोलले. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. ते वाक्य मी आईला सांगितलेले नाही, नवऱ्याला नाही, ज्या बाईंच्या हाताखाली पुढे संशोधन केले त्यांना तर नाहीच. तुम्हांला सांगते आहे — तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

थेट त्या वाक्यापाशी जाता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे. आधी डंकन सर सांगायला हवेत.

डंकन सर स्कॉटलंडचे. बोटी बांधणाऱ्या एका गावात जन्मले, सोळाव्या वर्षी गावच्या क्लबात शिरले आणि अकरा वर्षे बचावफळीच्या मधोमध उभे राहिले. ‘उभे राहिले’ हा त्यांचाच शब्द. प्रतिस्पर्ध्याने उंच मारलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा, एवढेच त्यांचे काम. तेव्हाचा चेंडू चामड्याचा. ओला झाला की फणसासारखा जड व्हायचा, असे ते हसत सांगत. गुडघा गेला तसे ते प्रशिक्षक झाले. आधी शाळांचे संघ, मग आफ्रिकेत, मग आखातात, शेवटी मुंबईत एका कंपनीच्या संघाकडे. तो संघ बंद पडला तेव्हा त्याच कंपनीत नोकरीला असलेले बस्त्यावकाका त्यांना आपल्या गावी घेऊन आले. काका गावच्या फुटबॉल क्लबाचे अध्यक्ष. सरांना त्यांनी स्वतःच्या घरामागची खोली दिली, आणि त्यांची बायको, सेलिनमावशी, तीन वर्षे त्यांना जेवू घालत होती.

आणि मी? माणिकपूरच्या फ्लॅटमधली, कोकणातून आलेल्या नोकरदार बापाची मुलगी. शरीरविज्ञानाची विद्यार्थिनी. खेळाडूंच्या नाडीच्या नोंदींवर प्रकल्प करायचा म्हणून त्या मैदानावर गेले. “फुटबॉलच्या मैदानात तुझं काय पुरलंय गं?” असे आई विचारायची. पुरलेले काही नव्हते, मला उगवायचे होते. सरांच्या गावाजवळच्या विद्यापीठात क्रीडाविज्ञानाचा अभ्यासक्रम होता. त्याला शिष्यवृत्ती होती. शिफारसपत्र प्रत्यक्ष काम पाहिलेल्या प्रशिक्षकाचे हवे होते — आणि तो प्रशिक्षक पत्र देताना त्या पदावर असायला हवा होता. ही अट अर्जाच्या तिसऱ्या पानावर होती. ती मी किती वेळा वाचली असेल?

१९९९ च्या जुलैत सरांनी मला बाजूला बोलावले. खेळाडूंची नावे निसटतात, म्हणाले. परवा माणिकपूरहून घरी येताना रिक्षावाल्याला कुठे जायचे ते सांगता येईना. “तू मोजणारी आहेस,” ते म्हणाले, “मला मोज. वेळ आली की सांग. हसे होण्याआधी मला निघून जायचे आहे.” त्यांच्या वडिलांना साऱ्या गावाने रस्त्यावर पडलेले पाहिले होते, दारूच्या नशेत, एकदा नव्हे, शंभरदा. सरांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. लोकांसमोर तोल जाणे — त्यांना एवढ्या एकाच गोष्टीचे भय होते.

चाचणी मी ठरवली. दर शनिवारी सरावाआधी दहा शब्द वाचून दाखवायचे. सरांनी मैदानाला एक फेरी मारायची. परत आल्यावर आठवतील ते शब्द सांगायचे. दर आठवड्याला शब्द नवे. मर्यादा त्यांनी घातली : सलग दोन शनिवार पाचाच्या खाली आकडा आला, की शिट्टी काकांच्या हातात ठेवायची.

सात. सहा. सहा. सात. पाच. सहा. पाच. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला — चार.

पुढच्या शनिवारी मी काय केले? काहीच केले नाही. हेच तर सांगायचे आहे. मी नवे शब्द काढले नाहीत. परीक्षा होती, प्रकल्पाचे लेखन राहिले होते, वेळ मिळाला नाही — अशी कारणे मी त्या सकाळी स्वतःला व्यवस्थित क्रमाने दिली. मागच्याच आठवड्याची यादी पुन्हा वाचली. घंटा, मीठ, होडी, दोरी, केळे, विहीर, किल्ली, टोपी, कोंबडा, खिडकी. शब्द इंग्रजी होते; इथे मराठीत दिले आहेत. सरांनी फेरी मारली, परत आले, सहा शब्द सांगितले. “किती?” त्यांनी विचारले. मी म्हणाले, “सहा.” त्यांचा चेहरा असा उजळला —

तीच यादी पुन्हा पुन्हा दिली तर आकडा वाढतो. त्याला सरावाचा परिणाम म्हणतात, आणि तो टाळायचा हे आम्हांला पहिल्याच सत्रात शिकवले होते. मला ते ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही. त्यापुढचे चौदा शनिवार मी तेच दहा शब्द वाचले. सहा, सात, सात, आठ. सरांना यादी तीच आहे हे जाणवत नव्हते. दर वेळी ते नव्या कुतूहलाने ऐकत. खरे तर हीच सर्वांत महत्त्वाची नोंद होती. तिच्यासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

अर्जाची मुदत जानेवारीअखेर होती. फक्त तोवर, असे मी ठरवले होते. पत्र हातात पडले की नवी यादी वाचायची, खरा आकडा सांगायचा. कुणाचे काय बिघडणार होते?

बावीस जानेवारीला, शनिवारी, गावागावांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. त्या सकाळी सरांचा आकडा नऊ आला. आमचे गाव नऊ वर्षांनी अंतिम फेरीत पोचले होते. बायकासुद्धा घरातल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन मैदानावर आल्या होत्या. एका गोलने आम्ही पुढे होतो. दहा मिनिटे उरली असताना समोरच्या संघाला कोपऱ्यातून चेंडू मारायचा कॉर्नर मिळाला, आणि डंकन सर शांतपणे रेषा ओलांडून आत गेले. गोलपोस्टपाशी जाऊन उभे राहिले. आमच्या गोलरक्षकाला त्यांनी ‘विली’ अशी हाक मारली; या नावाचे आमच्या संघात कुणी नव्हते. समोरच्या पोराला खांद्याने मागे रेटले. चेंडू वरून आला, बासष्ट वर्षांचा माणूस उडाला आणि त्याने तो कपाळाने परतवला — अचूक, थेट मधल्या रेषेपर्यंत.

क्षणभर टाळ्या पडल्या. मग हशा. “सायब टाइट हाय रे!” “कोनी पाजली याला?” “पानी मारा डोक्यावर, उतरंल!” पंचांची शिट्टी वाजत राहिली. सर जागचे हलेनात. ते पुढच्या कॉर्नरची वाट पाहत होते. दोघातिघांनी दंडाला धरून त्यांना बाहेर काढले. सामना थांबला आणि कप समोरच्या गावाला दिला गेला. “पोरांच्या हातातला घास घालवला मेल्यानं,” माझ्या मागची एक बाई म्हणाली.

मी त्यांच्यापासून वीस पावलांवर होते. वही माझ्या हातात होती.

आता ती ओटी. रविवारी, चर्चमधल्या पहिल्या मिस्सानंतर, क्लबाची माणसे काकांच्या घरी जमली. सर दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीवर बसले होते. सेलिनमावशींनी सगळ्यांना चहा दिला, आधी सरांना. मला काकांनीच बोलावून घेतले होते.

“बाय, तू शिकलेली,” काका म्हणाले. “मानूस माझ्या घरात ऱ्हातो, मी कधी वास घेतला नाय. पन काल साऱ्या गावानं बघितलं. सायब आजारी असंल तर तसं सांग. आजारी मानसाला मी टाकनार नाय, मेला तरी माझ्या घरातनंच त्याची पेटी उठंल. पन पिऊन मैदानात उतरला असंल तर पोरांना मी काय तोंड दाखवू?”

प्रश्न इतका स्वच्छ होता. दोनच पर्याय, आणि उत्तर फक्त माझ्याकडे. कुणीतरी सरांना इंग्रजीत अर्थ सांगितला. सर लगेच माझ्याकडे वळले, आणि मला त्यांची ती घाई अजून दिसते. “मी आजारी नाही,” ते म्हणाले. “हिला विचारा. हिच्याकडे आकडे आहेत.”

आजारी आहेत, असे मी म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता : कधीपासून? त्यापुढचा : मग सांगितले का नाहीस? मुदतीला आठ दिवस होते. सर अजून प्रशिक्षक होते.

मी म्हणाले, “ऑक्टोबरच्या मध्यापासून एकही आकडा सहाच्या खाली नाही.”

हे ते वाक्य.

सेलिनमावशी पुढे आल्या आणि त्यांनी सरांसमोरची कपबशी उचलली. चहा अर्धा होता. महिनाअखेर सरांनी पद सोडावे आणि विमानाचे तिकीट मिळाले की निघावे, असे ठरले.

फाटकापर्यंत सर मला पोचवायला आले. “डोके शाबूत आहे हे बरे झाले,” म्हणाले. फाटकाची कडी काढली. “मग घेतली असेन मी. आठवत नाही, पण घेतलीच असेन. वडिलांचे रक्त आहे.” मी त्यांना अडवले का? नाही. जन्मभर ज्या माणसासारखे व्हायचे टाळले, तोच आपण झालो, हा निष्कर्ष त्यांनी माझ्या नोंदींवरून काढला होता. आणि मी — मी दुसऱ्या दिवशी शिफारसपत्राचा कागद घेऊन गेले. त्यांनी सही केली. सहीच्या जागेवर बोट ठेवून मला ती जागा दाखवावी लागली.

मला प्रवेश मिळाला. सर ज्या बहिणीकडे राहायला गेले, तिचे घर विद्यापीठापासून बसने तासाभराच्या अंतरावर होते. वर्षभर मी विद्यापीठात राहिले. त्या घरी एकदाही गेले नाही. पुढे त्या बहिणीचे पत्र काकांना आले : सर गेले, शेवटची काही वर्षे स्वतःचे नावही त्यांना सांगता येत नव्हते, डॉक्टरांच्या मते हा आजार वसईतच सुरू झाला असावा. मी सुट्टीत आले तेव्हा काकांनी मला घरी बोलावून ते पत्र वाचायला दिले. “आजारी होता गो बिचारा,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. “आपन दारूडा म्हटलं त्याला. तुला पन नाय कळलं ना, एवढी शिकलेली तू?” मी म्हणाले, “नाही कळलं, काका.” ओटीवर मी खरे बोलून फसवले होते. या वेळी सरळ खोटेच बोलले. तेवढीच प्रगती.

आता मी मोजमापाची पद्धत शिकवते. चाचणीत तोच संच पुन्हा वापरू नका, हे मुलांना सांगताना माझा आवाज हलत नाही. तो हलत नाही, याचीही मी नोंद घेतली आहे.

एक शनिवार राहिला. फेब्रुवारीची पाच तारीख, दुपारचे तीन. विमानतळावर जायची टॅक्सी काकांच्या अंगणाबाहेर उभी होती. संघातले कुणी आले नव्हते. सर पेटीवर बसले होते. टॅक्सीला ते संघाची बस समजत होते आणि बाकीची मुले कुठे राहिली, असे विचारत होते. मला पाहून म्हणाले, “शनिवार आहे. चाचणी?”

माझ्या पिशवीत नवी यादी होती. सतरा आठवड्यांनी प्रथमच मी नवे दहा शब्द काढले होते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. मी वही उघडली, कागद सरळ केला. पण मी वाचायच्या आधीच सरांनी डोळे मिटले आणि प्रार्थना म्हणावी तसे, एकाही ठिकाणी न अडखळता, म्हणू लागले. घंटा, मीठ, होडी, दोरी, केळे, विहीर, किल्ली, टोपी, कोंबडा, खिडकी.

“किती?” त्यांनी विचारले.

मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि त्यापुढे लिहिले : दहापैकी दहा.